डावी कूस

डॉक्टरीणबाईंनी पडदेवालीचा डावा पाय उचलून जरासा बाजूला घेतला मात्र, ती अशी काही ओरडली की बाहेर बाकावर बसलेला तिचा नवरा दार न वाजवताच आत घुसला.

"काय झालं? काय मोडलं?"

"काही मोडलेलं नाही," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "जे मोडायचं ते पूर्वीच मोडून झालंय. तुम्ही बसा आधी."

तो बसला. पडदेवाली कपाळावरचा घाम पुसत उठून बसली. सातवा महिना चालू होता आणि आतापर्यंत सगळं सुरळीत होतं. उलट्या नाहीत, सूज नाही, साखर नाही. पायाचं कुणाच्या लक्षातही नव्हतं. तिच्या स्वतःच्याही नव्हतं.

ती पडद्यांच्या दुकानात कापड बेतायची. मोठ्या टेबलाशी दिवसभर उभं राहायचं, मापं घ्यायची, चुण्यांचा हिशेब करायचा आणि सरळ रेषेत कातर चालवायची. गिऱ्हाइकं तिला पडदेवाली म्हणायची, मग सगळा बाजारच म्हणायला लागला. वीस वर्षांची असताना एका सभागृहाचा जाड पडदा चढवताना ती शिडीवरून पडली होती. डावा खुबा मोडला. आत सळई आणि स्क्रू बसले, कितीतरी महिने अंथरुणात गेले, आणि ती उठली ती थोडी लंगडतच. नवीन माणसाला वाटायचं, हिला चप्पल चावते आहे. उभं राहायला, चालायला काही अडत नव्हतं. तो पाय फक्त बाजूला जात नसे आणि पोटाशी पुरता दुमडत नसे. मांडी घालून बसायची वेळ आली की ती खुर्ची ओढून घ्यायची, आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "मी राणी आहे, खाली बसत नाही."

"आता नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाच्या वाटेत काही अडचण नाही. हाड चांगलं बसलंय, वाट मोकळी आहे. अडचण आहे ती पायाची. नेहमीसारखं पाठीवर झोपवून दोन्ही पाय फाकवून वर घेतले, तर हा खुबा अडून बसेल. आत्ता जे झालं ते बघितलंतच."

"मग ऑपरेशन?" पडदेवालीने विचारलं.

"करता येईल. तारीख ठरवून, सरळ. नाहीतर तुम्हाला झेपेल अशी दुसरी एखादी तऱ्हा शोधायची. उभ्याने, ओणवं, गुडघ्यांवर, कुशीवर. बायका कशाही बाळंत होतात. ते टेबल आमच्या सोयीसाठी असतं. नाहीच जमलं, तर ऑपरेशन आहेच, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण मला विचाराल तर आधी शोधून बघा. अजून वेळ आहे."

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. अडलेली गोष्ट त्याला स्वस्थ बसू देत नसे. घरी पोचल्यावर दार उघडता उघडता तो म्हणाला, "म्हणजे मोटर ठीक आहे. दारच अडतंय फक्त."

"माझ्या पोटाला मोटर म्हणालास तर मीच तुला अडकवीन," ती म्हणाली. पण तिला हसू आलं.

पुढच्या आठवड्यात दोघं प्रसूतीची खोली बघायला गेले. तिथल्या सिस्टर आडव्या बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या होत्या आणि हसल्या की त्यांचे खांदे हलायचे. दवाखान्यात सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. खोलीत एक खटका दाबला की वरखाली होणारी खाट होती, भिंतीला धरायला दांडा होता, कोपऱ्यात फुगवलेला मोठा चेंडू होता. नवरा थेट खाटेखाली वाकला.

"हा हायड्रॉलिक आहे की मोटरवर चालतो?"

"तुम्ही बाळंत होणार आहात का?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग बाहेर या."

मोठ्या सिस्टरांनी पडदेवालीला एकेक तऱ्हा करून दाखवायला लावली. उकिडवं बसणं बादच झालं. उभं राहून वर केलेल्या खाटेवर कोपर टेकून पुढे झुकणं मात्र छान जमलं. दुकानात कापड कापताना ती अशीच झुकायची. खाटेवर गुडघे टेकून, उभ्या केलेल्या पाठीला मिठी मारून बसणंही कसंबसं जमलं.

"आणि कुशीवर?" सिस्टरांनी विचारलं.

"झोपते मी उजव्या कुशीवर. पण मग डावा पाय वर येतो. तो उचलून धरायचा म्हणजे पुन्हा तेच."

"आणि डाव्या?"

"डाव्या कुशीवर मी झोपत नाही," पडदेवाली म्हणाली. एखाद्याने आपण चहा घेत नाही म्हणावं, इतक्या सहज. सिस्टरही पुढे गेल्या.

ते तसंच होतं. अपघातानंतर टाके ओले असताना तिला त्या बाजूवर वळू द्यायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. आईने ती अशी पाळली की टाके सुकले, हाड जुळलं, मुलगी कामाला लागली, तिचं लग्न झालं, तरी ताकीद काही उठली नाही. झोपेतसुद्धा ती त्या बाजूला वळत नसे.

घरी सराव सुरू झाला. ओट्याला टेकून, सोफ्याच्या पाठीला धरून, खुर्ची उलटी करून. नवऱ्याने तर असा काही चंग बांधला की जणू परीक्षा त्याचीच होती. श्वास कसा सोडायचा, वजन कुठल्या पायावर टाकायचं, कंबर कुठे दाबली की बरं वाटतं, सगळं त्याने तोंडपाठ केलं. एका दुपारी तिची आई आली, ती नेमकी तो सोफ्यावर गुडघे टेकून, पाठीला गच्च मिठी मारून "हू, हू" करत असताना. बायको बाजूला खुर्चीत बसून पेरू खात होती.

आई दारातच थबकली. "जावईबापू, कळा फार येतायत का?"

तो ताडकन उठला आणि लाल होऊन पाणी आणायला गेला. पडदेवाली पोट धरून हसली. आई मात्र हसली नाही. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. ठेंगणी, काटक आणि कमी बोलणारी. हातातली धुतलेल्या दुपट्यांची घडी तिने टेबलावर ठेवली आणि मुलीसमोर बसली.

"हे कशाला चाललंय?"

"सांगितलं ना तुला आई. डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टर ऑपरेशनही म्हणाल्या ना? मग तारीख घ्या आणि मोकळे व्हा."

"लागलं तर करूच. मी काही हट्टाला पेटलेली नाही. पण आधी प्रयत्न करून बघायचाय मला."

"कशासाठी?"

पडदेवालीने उरलेला पेरू खाली ठेवला. मग म्हणाली, "पडल्यापासून माझ्या शरीराचं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलंय आई. उचला, वळवा, झोपवा, बसवा. ते गरजेचं होतं, माझी तक्रार नाही. पण या वेळी मला निदान विचारून बघायचंय त्याला, तुला काय जमतं म्हणून."

"तुला आठवत नाही," आई म्हणाली. "तू औषधाच्या गुंगीत असायचीस. मला आठवतं. तुला कूस बदलायला लावायचे तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई कानांवर उशी धरायची. मी उशी धरू शकत नव्हते. मी तुझे पाय धरलेले असायचे." ती उठली. "मला हा सराव दाखवू नका. त्या दिवशी मी बाहेर बसेन. आत जावईबापू आहेतच."

दार हळूच ओढून ती गेली. ती नेहमी हळूच दार ओढायची, पण त्या दिवशी ते आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, असं पडदेवालीला वाटलं.

सांगितलेल्या तारखेला पंधरवडा बाकी होता. नवरा दुसऱ्या शहरात एका हॉटेलच्या लिफ्ट बसवायला गेला होता. दोन दिवसांचं काम, मग तो थेट बाळाच्या रजेवरच जाणार होता. पडदेवालीचाही तो कामाचा शेवटचा आठवडा होता. सकाळी दुकानात गर्दी नव्हती. एक नवं जोडपं बैठकीच्या खोलीचे पडदे बेतून घ्यायला आलं होतं आणि हिरवा गडद हवा की फिका यावरून त्यांचं शांत आवाजात जुंपलं होतं. शेवटी गडद जिंकला. पडदेवालीने ठाण उलगडून टेबलावर पसरलं, खडूने खूण केली, कातर लावली आणि अर्ध्यावर आली असताना तिच्या पायांमधून ऊन पाण्याची धार लागली.

"कापड उचला!" ती ओरडली.

मालकीणबाई कापड उचलायचं सोडून तिच्याकडे धावल्या. "अगं, कापडाचं काय घेऊन बसलीस!"

"भारी आहे ते, डाग जायचा नाही! उचला ना!"

जोडप्यातल्या नवऱ्याने पुढे होऊन लगबगीने ठाण दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि तो तसाच, टॅक्सी येईपर्यंत, एखादं मूल सांभाळावं तसा उभा राहिला. मालकीणबाईंनी लॉन्ड्रीत फोन केला. पडदेवालीने नवऱ्याला केला. पलीकडून लोखंड आपटल्याचे आवाज येत होते.

"पाणी गेलंय माझं."

पलीकडे काहीतरी खाली टाकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "निघालो. मिळेल त्या गाडीने येतो. मी येईपर्यंत थांब!"

"कुणाला सांगतोस? मला का त्याला?"

"दोघांनाही!"

आई दवाखान्याच्या दारातच भेटली. अंगावर लॉन्ड्रीतला निळा एप्रन तसाच होता आणि केसांना वाफेचा वास येत होता. मोठ्या सिस्टरांनी दोघींना आत घेतलं आणि दाराशी विचारलं, "सोबत कोण राहणार? एकालाच परवानगी आहे."

"नवरा वाटेत आहे," पडदेवाली म्हणाली. "आई बाहेर बसेल. मी राहीन एकटी तो येईपर्यंत."

तेवढ्यात कळ आली. दाराची चौकट धरून ती वाकली. कळ ओसरली तेव्हा तिला दिसलं, की आईने एप्रनची गाठ सोडली होती आणि ती तो घडी करून पिशवीत कोंबत होती.

"कुठे हात धुवायचे?" आईने सिस्टरांना विचारलं.

पहिले काही तास चांगले गेले. मोठ्या सिस्टरांनी खाट कमरेच्याही वर घेतली आणि पडदेवाली त्यावर कोपर टेकून, वजन उजव्या पायावर टाकून झुकली. कळ आली की ती डुलायची, गेली की डोळे मिटून श्वास घ्यायची. मधूनमधून सिस्टर पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकवायच्या. घोड्याच्या टापांसारखा तो आवाज खोलीभर व्हायचा. आईला काय करायचं ते कळत नव्हतं. ती आधी खुर्चीत बसली, मग उठली, मग खिडकीचा पडदा सारखा करू लागली.

"आई, पडदा सोड. कंबर दाब माझी."

"कुठे?"

"खाली. अजून खाली. हं, तिथे. दोन्ही हातांनी. जोरात."

"लागेल तुला."

"लागू दे! इस्त्री करतेस तशी दाब!"

आईने दाबलं. वर्षानुवर्षं जड इस्त्री ओढलेले ते तळवे होते. पडदेवालीच्या तोंडून असा काही सुस्कारा निघाला की आईच घाबरली. "काय झालं?"

"काही नाही. स्वर्ग."

दुपारनंतर मात्र घोडं अडलं. कळा जवळजवळ येऊ लागल्या आणि उजवा पाय, ज्याने सकाळपासून सगळं वजन पेललं होतं, तो लटपटायला लागला. ठरल्याप्रमाणे तिने दुसरी तऱ्हा घेतली. खाटेची पाठ उभी केली, दोघींनी तिला वर चढवलं आणि ती गुडघे टेकून पाठीला धरून बसली. सरावात हे जमलं होतं. पण सरावात कळा नव्हत्या. प्रत्येक कळेबरोबर गुडघे आणखी फाकायला बघायचे आणि डावा खुबा आतून कुणी पाचर ठोकावी तसा आडवा यायचा. कळ एकीकडे आणि खुब्याचं दुखणं दुसरीकडे. दोन्हींच्या मध्ये ती सापडली. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा तिने दात आवळून काढलं. आणि मग तिने खाटेच्या पाठीवर डोकं टेकलं आणि ती रडू लागली.

"नाही होत माझ्याच्याने. करा ऑपरेशन. आई, सांग ना त्यांना."

आईने सिस्टरांकडे बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "बोलवा डॉक्टरांना," ती म्हणाली. "ताबडतोब."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तपासलं, ठोके ऐकले, आणि पडदेवालीच्या तोंडासमोर तोंड येईल अशा वाकल्या. "बाळ मजेत आहे. वाट जवळजवळ पूर्ण उघडली आहे. तुम्हाला ऑपरेशन हवं असेल तर मी आत्ता तयारी करायला सांगते, तयारीला थोडा वेळ लागेलच. तोवर या गुडघ्यांवरून उतरा. अंग टाका जरा. पुढचं मग बघू. चालेल?"

पडदेवालीने मान हलवली. डॉक्टरीणबाई निरोप द्यायला बाहेर गेल्या. मोठ्या सिस्टरांनी खाट सपाट केली. नेहमीप्रमाणे उजवीकडे वळायचं म्हणून त्यांनी तिचा खांदा धरला. पण आई डावीकडे उभी होती. पडदेवालीला त्या क्षणी उजवं-डावं काही सुचत नव्हतं, तिला फक्त आई हवी होती. ती आईच्या बाजूला कोसळली आणि आईच्या पोटात तोंड खुपसून पडून राहिली.

"अगं!" आई किंचाळली. "त्या कुशीवर नको! सिस्टर, वळवा तिला, वळवा!"

"हलवू नकोस मला."

"अगं सळई आहे तिथे..."

"आई. हलवू नकोस."

पुढची कळ आली. आईने डोळे घट्ट मिटले. शेजारच्या खाटेवरची ती बाई, ती उशी, ते सगळं तिला आठवलं असणार. पण किंकाळी आलीच नाही. एक खोल, लांब हुंकार आला, जड काहीतरी ढकलताना माणूस करतो तसा. तो संपल्यावर पडदेवालीने डोळे उघडले आणि आश्चर्याने म्हणाली, "दुखला नाही."

"कोण?"

"पाय. कळ आली, पण पाय दुखला नाही."

मोठ्या सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून बघत होत्या. डावा पाय गादीवर सरळ, निवांत पडला होता. त्याला काहीच करायचं नव्हतं. फाकायचं नव्हतं, दुमडायचं नव्हतं, वजन पेलायचं नव्हतं. जे काही उचलायचं ते वरच्या, धडधाकट उजव्या पायानेच उचलायचं होतं.

"अहो बाई!" सिस्टर म्हणाल्या. "हे आपल्याला आधी का नाही सुचलं?" त्यांनी पटकन एक मऊ घोंगडी घडी करून खुब्याखाली सरकवली. "सळई टोचते का?"

"थोडी. चालेल."

"आता हा उजवा पाय कुणीतरी धरायला हवा. गुडघ्याखाली हात घालून वर. मी इथे खाली लागणार, म्हणजे तुम्ही." त्या आईकडे वळल्या. "तुम्हाला जमेल?"

आईने बाह्या सरकवल्या, मुलीच्या गुडघ्याखाली आपला हात घातला आणि तो पाय उचलून आपल्या खांद्याला टेकवला.

डॉक्टरीणबाई परत आल्या, त्या दारातच थांबल्या. "तयारी होते आहे," असं म्हणत आल्या होत्या, पण वाक्य अर्धवट राहिलं. त्यांनी पुन्हा तपासलं. "बाळ बरंच खाली आलंय," त्या म्हणाल्या. "आता ठरवायचं तुम्ही. काय करायचं?"

"असंच," पडदेवाली म्हणाली. "अशीच राहू दे मला."

"ठीक आहे. तिकडे थांबायला सांगा," डॉक्टरीणबाईंनी सिस्टरांना सांगितलं, आणि खाटेभोवती एक फेरी मारली. समोरून वाकून बघितलं, मागून बघितलं. मग त्यांनी चाकांचं स्टूल ओढून घेतलं. "थांबा, मलाही माझी सोय बघू द्या. मी इतकी वर्षं समोर उभी राहिले आहे." स्टूल त्यांनी मागच्या बाजूला घेतलं, खाट जरा वर करायला लावली आणि बसल्या. "हं. आता या."

त्यानंतरचा वेळ पडदेवालीला सलग असा आठवत नाही. आठवतं ते असं, की कळ यायची तेव्हा ती आईच्या जुन्या सुती साडीचा पदर मुठीत धरायची. दोन कळांच्या मध्ये चक्क डुलकी लागायची. कुणी घाई करत नव्हतं. मोठ्या सिस्टर एरवी केवढ्या मोठ्याने बोलायच्या, पण आता कुजबुजत होत्या, "छान, छान, तुझ्या मनाने." आणि आई, जी कमी बोलायची, ती सारखी बोलत होती. आधी "बस, होईल, होईल," मग लहानपणी अंघोळ घालताना म्हणायची तसलं काहीतरी, मग नुसतंच "माझं बाळ, माझं बाळ."

"आई," पडदेवाली एका कळेनंतर धापा टाकत म्हणाली, "हात दुखत असेल तुझा. खाली ठेव जरा पाय."

"तू तुझं बघ. हात माझा आहे."

"डोकं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता जोर नको. फुंकर घाला नुसती."

पडदेवालीने फुंकर घातली. आईनेही घातली, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी. खोलीतल्या सगळ्याच बायका फुंकर घालत होत्या. काहीतरी ताणलं, जळलं, आणि मग एकदम सुटलं, आणि ओलं, गरम, चिडलेलं असं एक मूल खोलीत आलं आणि त्याने सगळ्यांच्या आधी स्वतःच आपली बातमी दिली.

"मुलगी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज पुन्हा मोठा झाला. "आणि फुप्फुसं बघा कशी!"

त्यांनी ती आईच्या, म्हणजे पडदेवालीच्या, छातीशी ठेवली. पडदेवाली अजून त्याच कुशीवर होती. मुलीचा चिंब ओला चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर, इतक्या जवळ, की दोघींचा श्वास एकच होत होता. मुलगी रडायची थांबली आणि एक डोळा उघडून, दुसरा बंद ठेवून, तिच्याकडे संशयाने बघू लागली.

"काय गं?" पडदेवाली म्हणाली. "ओळखलंस का?"

नवरा पोचला तेव्हा उन्हं कलली होती. एक बस, एक मालाचा टेम्पो आणि शेवटी कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून तो आला होता. हातांवर वंगणाचे काळे डाग होते. मोठ्या सिस्टरांनी त्याला तीनदा साबण लावायला लावलं. मग तो खाटेपाशी आला. बायकोकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, पुन्हा बायकोकडे बघितलं आणि नाक पुसलं.

"थांबली नाहीस," शेवटी तो म्हणाला.

"मी थांबत होते. हिला सांग."

त्याने बोटाने मुलीच्या गालाला स्पर्श केला. मग न राहवून विचारलं, "कसं झालं? उभ्याने? का सोफ्यासारखं?"

"दोन्ही नाही. कुशीवर. डाव्या."

"डाव्या?" तो थक्क झाला. "अगं, पण आपण त्याचा सरावच नव्हता केला!"

"नाहीच केला."

"एकदाही नाही?" त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि त्या आनंदाच्या एका कडेला थोडा रुसवाही होता. सोफ्याची एवढी मेहनत वाया गेली म्हणून. पडदेवालीला हसू आलं, आणि हसताना नुकतेच घातलेले टाके दुखले म्हणून तिने त्याला चापट मारली.

"तयारी वाया गेली नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या मळलेल्या चादरी गोळा करत होत्या. "सकाळपासून उभी राहून तिने निम्मं काम केलंच की. शेवटचं तेवढं तिचं तिनेच ठरवलं."

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. तिला कुणीतरी चहा आणून दिला होता आणि तो तिने प्यायलाच नव्हता. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून ती त्यांच्याकडे बघत होती. ते थरथरत होते. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत, बारीक बारीक.

"आई, घेता ना हिला?" जावयाने मुलीला दुपट्यात गुंडाळून तिच्यापुढे धरलं.

"नको," आई घाईने म्हणाली. "आत्ता नको. हात बघा कसे झालेत. पाडीन मी."

"मी खाली हात धरतो."

"नको म्हटलं ना. थांबा जरा. थांबतील ते."

कुणी आग्रह केला नाही. जावई मुलीला घेऊन तिथेच उभा राहिला, पायावर वजन बदलत, हळूहळू डुलत. पडदेवाली उशीवर मान वळवून आईकडे बघत होती. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेत होतं आणि तिचं एक चाक कुरकुरत होतं. आईने तळवे एकमेकांवर चोळले. बोटं एकदा मिटली, उघडली. पुन्हा मिटली, उघडली. डावा हात शांत झाला, मग उजवा.

तिने खुर्ची भिंतीला टेकवली, पाय जमिनीवर नीट रोवले, आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या," ती म्हणाली. "आता द्या इकडे."